आज काय संपवायचं आहे? घरात आहे त्यातून स्वयंपाक करण्याची रीत

एक महिनाभर मी ओट्याशेजारी एक छोटी वही ठेवली होती. खाण्याची कुठलीही गोष्ट कचऱ्यात टाकायची वेळ आली, तर आधी ती वहीत लिहायची आणि का टाकतेय तेही लिहायचं, एवढाच नियम. महिना संपल्यावर पानं चाळली. करपलेला, फसलेला, खारट झालेला स्वयंपाक त्या यादीत जवळजवळ नव्हताच. होतं ते सगळं अर्धवट. एका पदार्थासाठी आणलेल्या जुडीतली उरलेली अर्धी जुडी, दोन चमचे वापरून मागे सरकवलेली क्रीमची डबी, पाव कोबी, वाटीभर भात, चार दिवसांनी आठवलेली उकडलेली कडधान्यं.

त्या वहीने माझा रोजचा प्रश्न बदलला. ‘आज काय करू?’ असं विचारलं की मन पाककृतीकडे धावतं. पाककृती चार नव्या गोष्टी आणायला लावते आणि त्या चारांपैकी दोन पुन्हा अर्ध्या उरतात. ‘आज काय संपवायचं आहे?’ असं विचारलं की सुरुवात हाताशी असलेल्या जिनसापासून होते. पाककृती मागाहून ठरते. ही सवय लागायला मला काही आठवडे गेले. ती कशी लावायची, ते इथे क्रमाने लिहिते.

त्याआधी थोडे आकडे. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२४ मध्ये अन्नाच्या नासाडीवर अहवाल काढला. त्यातल्या अंदाजानुसार २०२२ या एका वर्षात दुकानं, खानावळी आणि घरं मिळून जगभरात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेलं. त्यातला ६० टक्के वाटा घरांचा होता. घरगुती नासाडीचा माणशी हिशेब वर्षाला ७९ किलो निघतो, म्हणजे आठवड्याला दीड किलो. यात सालं, हाडं, कोयी हा न खाण्याजोगा भागही धरलेला आहे. तो वजा केला तरी सगळ्यात मोठा वाटा आपल्या स्वयंपाकघरांचाच राहतो.

पहिली पायरी: सगळं बाहेर काढून बघा

फ्रिजचं दार उघडून नजर फिरवणं म्हणजे बघणं नव्हे. पुढची बाटली मागची वाटी झाकते आणि भाजीच्या खणात तळाशी काय आहे ते कुणालाच आठवत नाही. आठवड्यातून एकदा, बाजारात जायच्या आदल्या दिवशी, सगळं बाहेर काढून ओट्यावर मांडा. सवय झाली की वीस मिनिटांचं काम आहे.

मग तीन ढीग करा. पहिल्या ढिगात आज-उद्याच लागायला हवं ते: पालेभाज्या, कोवळी पानं, मशरूम, मऊ पडत चाललेले टोमॅटो, उघडलेलं दूध आणि क्रीम, शिजवलेलं अन्न, कच्चं मांस आणि मासे. दुसऱ्या ढिगात काही दिवस थांबणारं: फ्लॉवर, ब्रोकोली, ढोबळी मिरची, काकडी, वांगी, दही. तिसऱ्यात तग धरणारं: गाजर, बीट, अख्खा कोबी, बटाटे, कांदे, लसूण, अंडी, कडक चीज. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. सुरी लागली की ढीग बदलतो. अख्खा कोबी तिसऱ्या ढिगातला असतो. तोच अर्धा कापून ठेवला की पहिल्या ढिगाच्या वाटेला लागतो.

पहिल्या ढिगासाठी फ्रिजमध्ये डोळ्यांसमोर येईल अशा कप्प्यात एक उघडा ट्रे ठेवा. त्या ट्रेमध्ये असेल तेच त्या दिवशी शिजणार, असा घरातला ठराव करून टाका. सगळ्या युक्त्यांपैकी एकच करायची असेल, तर मी हीच सांगेन. घरातला दुसरा कुणी स्वयंपाक करत असला तरी त्याला काही समजावून सांगावं लागत नाही, ट्रे पाहिला की कळतं. उरलेलं अन्न पारदर्शक डब्यात ठेवा. झाकणामागे काय आहे ते दिसलं नाही, तर ते नसल्यासारखंच असतं.

वाणसामानाचं कपाट महिन्यातून एकदा पुरे. सुकामेवा, तेलबिया आणि कोंड्यासकट दळलेली पिठं यांत तेलाचा अंश असतो, म्हणून ती आधी खवट होतात. त्यांना पुढे आणा. पॉलिश केलेला पांढरा तांदूळ वर्षानुवर्षं टिकतो. जुनी कडधान्यं खराब होत नाहीत, पण कडक होत जातात. ती जास्त वेळ भिजवा, शिजवताना चिमूटभर खाण्याचा सोडा घाला आणि आंबट काहीही ती मऊ झाल्यावरच घाला. लाल राजमा असेल तर तो भिजवून, ते पाणी फेकून, नव्या पाण्यात निदान १० मिनिटं खळखळ उकळलाच पाहिजे. पुढे मऊ होईपर्यंत शिजवायचा तो वेळ वेगळा. कच्च्या राजम्यातलं विषारी प्रथिन मंद आचेवर पुरतं नष्ट होत नाही.

दुसरी पायरी: दमलेलं कुठलं आणि बिघडलेलं कुठलं

घरात टाकलं जाणारं बरंच काही नुसतं दमलेलं असतं. भाजी कोमेजते म्हणजे तिच्या पेशींतलं पाणी उडून गेलेलं असतं. ते परत देता येतं. गाजर हातात धरून वाकवलं आणि ते रबरासारखं वाकलं, मोडलं नाही, तर दोन्ही टोकं जराशी कापा. उंच भांड्यात बर्फाचं पाणी घेऊन गाजर त्यात उभं बुडवा आणि फ्रिजमध्ये ठेवा. दोन-तीन तासांनी तेच गाजर पुन्हा वाकवून बघा. कट् असा आवाज करत मोडतं. मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा मोडलेल्या दोन तुकड्यांकडे बराच वेळ बघत राहिले होते. पालेभाज्यांना एवढा वेळही लागत नाही. देठांची टोकं कापून थंड पाण्यात पंधरा ते तीस मिनिटं बुडवल्या की पानं ताठ होतात.

बिघडलेलं वेगळं असतं. पानं बुळबुळीत झाली, खाली गढूळ पाणी सुटलं, वास आला, की ती गेली. त्यातली कोरडी, हिरवी पानं वेगळी काढून धुऊन त्याच दिवशी वापरता येतात. बाकी टाका. सुरकुतलेला टोमॅटो शिजवायला उत्तम असतो, कारण त्यातलं पाणी कमी होऊन चव आटलेली असते. फुटून पाणी गळणारा, आंबूस वासाचा टोमॅटो मात्र नको.

बुरशीच्या बाबतीत नियम सोपा आहे. मऊ आणि ओलसर पदार्थांत बुरशीचे तंतू खोलवर गेलेले असतात, वर दिसतो तो फक्त ठिपका. ब्रेड, दही, मऊ फळं, शिजवलेलं अन्न, जॅम यांवर बुरशी दिसली की सगळंच टाका. हुंगून बघण्यासाठी नाक जवळ नेऊ नका. गाजर, कोबी, कडक चीज अशा घट्ट पदार्थांत बुरशी हळू शिरते. तिथे ठिपक्याच्या भोवतीचा आणि खालचा निदान अडीच सेंटिमीटर भाग कापून उरलेला वापरता येतो. सुरी बुरशीतून जाऊ देऊ नका. बुरशी आलेले शेंगदाणे, मका, सुकामेवा, धान्य यांच्याशी अजिबात तडजोड नको. काही बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करतात आणि घरच्या भाजण्या-शिजवण्याने ते पुरतं जात नाही.

बटाट्याला बारीक कोंब फुटले असतील आणि बटाटा घट्ट असेल, तर कोंब मुळासकट खोल काढा. हिरवट भाग असेल तर साल जाड सोलून तो काढून टाका. बटाटा मऊ पडला असेल, आक्रसला असेल किंवा बराचसा हिरवा असेल, तर टाकून द्या. हिरवेपणा दिसतो तिथे सोलॅनिनसारखी विषारी द्रव्यं वाढलेली असू शकतात आणि ती उकळून जात नाहीत. अंडं पाण्यात सोडून बघण्याची चाचणी अंड्याचं वय सांगते. जुनं होत जाईल तसतशी आतली हवेची पोकळी वाढते आणि अंडं तरंगायला लागतं. तरंगलेलं अंडं वेगळ्या वाटीत फोडून वास घ्या. वास आला तर टाका, आणि वास नसला तरी नीट, पूर्ण शिजवूनच खा.

पाकिटावरच्या तारखांमुळेही चांगलं अन्न कचऱ्यात जातं. ‘बेस्ट बिफोर’ ही तारीख चव, कुरकुरीतपणा, ताजेपणा यांबद्दल असते. बंद, कोरडं ठेवलेलं बिस्कीट त्या तारखेनंतर दुसऱ्या दिवशी विषारी होत नाही. ‘यूज बाय’ किंवा तशा अर्थाचे शब्द असतील, तर ती तारीख सुरक्षिततेची आहे. ती पाळा.

शिजवलेल्या अन्नाच्या बाबतीत नाकावर विसंबू नका. आजारी पाडणारे जिवाणू बऱ्याचदा ना वास बदलतात ना चव. तिथे घड्याळ वापरा. ५ ते ६० अंश सेल्सिअस या पट्ट्यात जिवाणू झपाट्याने वाढतात, म्हणून शिजवलेलं अन्न खोलीच्या तापमानाला दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये. फ्रिज ५ अंशांखाली असावा. उरलेलं अन्न तीन-चार दिवसांत संपवावं. गरम करताना ते आतपर्यंत ७० अंशांवर जायला हवं, म्हणजे कडेला बुडबुडे येऊन भागत नाही, मधोमधही वाफा निघाल्या पाहिजेत. आणि एकदाच गरम करा, लागेल तेवढंच. या नियमांत बसत नसेल ते मी विचार न करता टाकते. अन्न वाचवायचं ते खाण्यासाठी, आजारी पडण्यासाठी नव्हे.

तिसरी पायरी: पाककृती बाजूला ठेवा, साचा घ्या

पाककृती म्हणते, २०० ग्रॅम अमुक आणि दोन चमचे तमुक. साचा म्हणतो, एक काहीतरी कडक, एक काहीतरी पालेदार, एक काहीतरी आंबट. साचे चार आले तरी पुरतात. पहिल्यावर मी जास्त वेळ घालवणार आहे, कारण तो नीट जमला की बाकीचे आपोआप कळतात.

पहिला साचा कढईचा. परवाचीच संध्याकाळ सांगते. ट्रेमध्ये पाव कोबी, एक गाजर, दोन सुरकुतलेले टोमॅटो, पालकाच्या जुडीचे उरलेले देठ आणि थोडी पानं, आदल्या रात्रीचा भात असलेला डबा. शिवाय दोन अंडी. सगळं एकदम कढईत टाकलं असतं तर लगदा झाला असता. म्हणून आधी क्रम लावला. ज्याला वेळ लागतो ते आधी, जे पटकन मऊ होतं ते नंतर, शिजलेलं असतं ते सगळ्यात शेवटी.

कढई चांगली तापवली. तेल, मग चिरलेला कांदा. तो कडेला सोनेरी व्हायला लागल्यावर गाजराच्या काड्या आणि पालकाचे देठ. दोन मिनिटांनी कोबी, तोही सगळा एकदम न घालता मूठमूठ करून. हे महत्त्वाचं आहे. कढई गच्च भरली की भाज्यांना पाणी सुटतं, आणि पाणी आहे तोवर आतलं तापमान १०० अंशांच्या वर जात नाही. भाजी नुसती वाफवली जाते, तिला खमंगपणा येत नाही. खमंग रंग आणि वास यायला साधारण १४० अंशांपुढची उष्णता लागते, म्हणजे पाणी आधी उडून जावं लागतं. म्हणूनच मीठही मी या टप्प्यावर घातलं नाही, ते पाणी ओढून काढतं. कोबीच्या कडा तपकिरी झाल्यावर भाजी एका बाजूला सारली, मोकळ्या जागेत अंडी फोडून ढवळली, मग भात. भाताच्या गुठळ्या आधीच हाताने मोडून ठेवल्या होत्या. भात आतपर्यंत कडकडीत गरम झाल्यावर टोमॅटोच्या फोडी, पालकाची पानं, मीठ, मिरपूड. एक मिनिट. आच बंद करून वरून लिंबू. सुरीपासून ताटापर्यंत पाऊण तासाहून कमी वेळ लागला आणि ट्रे रिकामा झाला.

आता यातला प्रत्येक जिन्नस बदलून बघा. गाजराच्या जागी बीट किंवा ब्रोकोलीचा दांडा, कोबीच्या जागी फ्लॉवर, भाताच्या जागी उकडलेले नूडल्स किंवा बटाटे, अंड्याच्या जागी शिजवलेलं कडधान्य. क्रम तोच राहतो.

दुसरा साचा सूपचा. कांदा किंवा लसूण तेलात किंवा लोण्यात मंद आचेवर परता. घाईने भाजू नका, गोडसर होऊ द्या. मग कुठल्याही भाज्या आणि दाटपणासाठी मूठभर काहीतरी: एखादा बटाटा, डाळ, भात, वाळलेला ब्रेड. भाज्या जेमतेम बुडतील एवढंच पाणी. मऊ शिजलं की घुसळा. कडकडीत गरम सूप मिक्सरमध्ये पूर्ण भरून झाकण घट्ट लावू नका, वाफेने झाकण उडतं. अर्ध्याहून कमी भरा, थोडं निवू द्या. शेवटी थोडं आंबट हवंच. ते नसलं की सूप फिकं लागतं आणि माणूस उगाच मीठ वाढवत बसतो.

तिसरा साचा पिठाचा. किसलेल्या किंवा बारीक चिरलेल्या भाजीला मीठ लावून दहा मिनिटं ठेवायची, पाणी पिळून काढायचं, त्यात अंडं आणि पीठ, किंवा नुसतं पीठ आणि तेच पिळलेलं पाणी घालून तव्यावर पातळ थापायचं. काकडी, कोबी, भोपळा, गाजर, कालची उरलेली भाजी, सगळं इथे सामावतं. चौथा साचा ओव्हनच्या ट्रेचा. सारख्या आकाराच्या फोडी, तेल, मीठ, २०० अंश, पंचवीस ते चाळीस मिनिटं, फोडी एकमेकींना चिकटू न देता.

एक इशारा आहे. संपवायच्या नादात घरातलं सगळंच एका भांड्यात लोटू नका. बीट आणि पालक एकत्र शिजवले की तपकिरी, ओळख नसलेला लगदा होतो. घरातली मुलं तोंड फिरवतात, आणि मग भाजीबरोबर तेल, इंधन, तुमची तासाभराची मेहनत हेही वाया जातं. दोन-तीन मुख्य भाज्या पुरे. उरलेल्या उद्यासाठी.

चौथी पायरी: नाही त्याची जागा कोण घेईल

एखादा जिन्नस नसल्याने बाजारात पळावं लागतं आणि तिथून आणखी चार गोष्टी घरी येतात. पळण्याआधी स्वतःला विचारा, हा जिन्नस पदार्थात काय काम करतोय? आंबटपणा देतोय, तर लिंबू, व्हिनेगर, दही, टोमॅटो, कच्चं आंबट फळ यांपैकी काहीही ते काम करेल. दाटपणा देतोय, तर कुस्करलेला बटाटा, वाटलेली डाळ, ब्रेडचा चुरा. कुरकुरीतपणा देतोय, तर भाजलेले दाणे, बिया, तेलात परतलेला ब्रेड. स्निग्धपणा देतोय, तर क्रीमऐवजी दही आच बंद केल्यावर घाला, उकळत्या रश्श्यात घातलं तर ते फाटतं.

केक-बिस्किटांत इतकं स्वातंत्र्य नसतं, तिथे मापं रचना धरून ठेवतात. तरी काही बदल चालतात. ताकाऐवजी एक कप दुधात एक मोठा चमचा लिंबाचा रस घालून दहा मिनिटं ठेवा. साध्या केकमध्ये एका अंड्याऐवजी पाव कप कुस्करलेलं पिकलेलं केळं चालतं, मात्र केक जरा दाट होतो. काळ्या सालीचं केळं या कामाला सगळ्यात चांगलं, कारण त्यातल्या बऱ्याचशा स्टार्चची साखर झालेली असते. साखरही थोडी कमी घालता येते.

दूध बरंच उरलंय आणि तारीख जवळ आली आहे, तर ते चांगलं असतानाच उकळून लिंबाच्या रसाने फाडा आणि फडक्यातून गाळा. वर पनीर राहील. खालचं पाणी ओतू नका. त्यात पीठ मळा, सूप करा, भात शिजवा.

भात आणि ब्रेड

या दोघांबद्दल वेगळं लिहावं लागतं, कारण माझ्या वहीत सगळ्यात जास्त वेळा यांचीच नावं होती.

तांदळात बॅसिलस सेरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. ते शिजवण्यातूनही जगतात. भात ओट्यावर कोमट राहिला की ते जागे होऊन वाढतात आणि एक असं विष तयार करतात, जे भात पुन्हा गरम केल्याने नाहीसं होत नाही. म्हणून उरलेला भात जेवण झाल्या झाल्या पसरट ताटलीत पातळ पसरा, तासाभरात निववून फ्रिजमध्ये टाका आणि दुसऱ्या दिवशी संपवा. रात्रभर भांड्यात बाहेर राहिलेला भात मी खात नाही आणि कुणाला देतही नाही. नीट थंड केलेला भात परतायला ताज्यापेक्षा सरस असतो. थंडीत त्यातला स्टार्च घट्ट होतो, दाणे सुटे राहतात. आणि मुळात उरू नये म्हणून मोजून शिजवा. मोठ्या माणसाला साधारण ७५ ग्रॅम कोरडा तांदूळ पुरतो. एकदा तराजूवर तोलून घरातल्या कुठल्या वाटीत किती मावतो ते बघून ठेवलं की पुन्हा तोलावं लागत नाही.

ब्रेड फ्रिजमध्ये ठेवू नका. फ्रिजच्या तापमानाला त्यातला स्टार्च सगळ्यात वेगाने कडक होतो. दोन दिवसांत संपेल तेवढा बाहेर ठेवा, उरलेला स्लाइस करून थेट फ्रीझरमध्ये. गोठलेला स्लाइस तसाच टोस्टरमध्ये चालतो. अख्खा पाव कडक झाला असेल, तर त्यावर पाण्याचा हात फिरवून तापलेल्या ओव्हनमध्ये सात-आठ मिनिटं ठेवा, पुन्हा मऊ होतो. पण लगेच खावा लागतो, निवला की पहिल्यापेक्षा कडक होतो. त्याहून वाळलेल्याचे तुकडे तेलात परतून सूपवर घाला किंवा दूध-अंड्यात भिजवून भाजा. अगदी खडखडीत झालेला कुटून चुरा करून बरणीत भरा.

देठ, साल, पानं

फ्लॉवरची कोवळी पानं, ब्रोकोलीचा दांडा जाड साल काढून, बीट आणि मुळ्याची पानं, पालकाचे देठ, हे सगळं भाजीइतकंच खाण्याजोगं आहे. रुबार्ब या आंबट देठांच्या परदेशी भाजीची पानं मात्र विषारी असतात, ती टाकायचीच. गाजराची टोकं, कांद्याची बाहेरची पापुद्री, मशरूमचे दांडे, टोमॅटोचे तुकडे धुऊन एका पिशवीत गोठवत जा. पिशवी भरली की पाण्यात तासभर मंद उकळून गाळा, सूपला आणि भाताला उत्तम पाणी मिळतं. कोबी-फ्लॉवरचे तुकडे त्यात नकोत, उग्र वास येतो.

पाचवी पायरी: फ्रीझर

उणे १८ अंशांवर जिवाणू वाढत नाहीत, पण मरतही नाहीत. म्हणून गोठवायचं ते ताजं असताना, संपायला आल्यावर नव्हे. हिरव्या भाज्या उकळत्या पाण्यात दोन-तीन मिनिटं बुडवून लगेच बर्फाच्या पाण्यात टाका, निथळा, कोरड्या करा, मग गोठवा. असं केल्याने भाजीतली एन्झाइम, म्हणजे तिच्यात बदल घडवत राहणारी प्रथिनं, थांबतात. नाही केलं तर गोठलेल्या भाजीचाही रंग आणि चव हळूहळू उतरत जाते. रस्सा, सूप, उकडलेली कडधान्यं पिशवीत भरून सपाट आडवी गोठवा, लवकर सुटतात आणि जागाही कमी खातात. उरलेली क्रीम, टोमॅटोचा गर, तेलात बुडवलेली कोवळी पानं बर्फाच्या ट्रेमध्ये. पिकलेली केळी सोलून. काकडी, सॅलडची पानं, उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग गोठवू नका, पाणचट नाहीतर रबरी होतात.

प्रत्येक पिशवीवर नाव आणि तारीख लिहा आणि तीच यादी फ्रीझरच्या दारावर चिकटवा. गोठल्यावर सगळेच रस्से सारखे दिसतात. नाव नसलेली पिशवी सहा महिने जागा अडवते आणि शेवटी कचऱ्यातच जाते.

साठवणीचं थोडक्यात. सफरचंदं, पिकलेली केळी, टोमॅटो यांतून इथिलीन वायू निघतो. त्याच्या शेजारी पालेभाज्या पिवळ्या पडतात, काकडी लवकर मऊ होते, गाजर कडवट होतं. फळं आणि भाज्या वेगळ्या खणांत ठेवा. पालेभाजी कोरड्या कापडात किंवा कागदात गुंडाळून डब्यात. कांदे आणि बटाटे दोन्ही अंधाऱ्या, हवेशीर जागी, पण एकमेकांपासून लांब. टोमॅटो पिकेपर्यंत बाहेर, फार पिकले की फ्रिजमध्ये.

शेवटची पायरी: बाजाराची यादी

यादी सगळ्यात शेवटी लिहायची, फ्रिजचं दार उघडं ठेवून, हातात पेन घेऊन. ओट्यावर मांडलेल्या ढिगांमधून आधी तीन-चार जेवणं जुळवा. मग त्या जेवणांना जे कमी पडतंय तेवढंच लिहा, आणि प्रत्येक नावापुढे ते कशासाठी आणतोय हेही लिहा. ‘आलं: गाजराच्या सूपसाठी.’ ‘दही: काकडी आणि उरलेल्या बटाट्यांसाठी.’ ‘लिंबं दोन: एक कोबीला, एक डाळीला.’ ज्या नावापुढे काहीच लिहिता येत नाही, ते या आठवड्यात राहू द्या. पालेभाजीची मोठी जुडी घ्यावी लागणार असेल, तर तिच्या दोन अर्ध्यांचे दोन दिवस यादीतच ठरवून टाका. माझ्या या आठवड्याच्या यादीत सहा नावं आहेत. पालकापुढे लिहिलंय, पानं मंगळवारी, देठ बुधवारी कढईत.